वैद्यकीय कारणाने सैन्यातून सेवामुक्ती : मुलांच्या पोटगीचे पुढे काय होते?

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात आहे, महार रेजिमेंटचे केंद्र सागरला आहे. सीमाभाग, कोकण, गोवा आणि माळव्यातील असंख्य मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी सैन्यात भरती होत आले आहे. अशा घरात पती-पत्नी विभक्त झाले आणि मुले आईकडे राहिली, तर जवानाच्या पगारातून दरमहा ठरावीक रक्कम कापून आईच्या खात्यात जमा होण्याची व्यवस्था सैन्याने केलेली असते. पुढे एखादा अपघात, पाठीच्या मणक्याची दुखापत, हृदयविकार किंवा मानसिक आजार उद्भवतो, मेडिकल बोर्ड बसते आणि जवान, रूढ बोलीत सांगायचे तर, ‘बोर्ड आऊट’ होतो. त्यानंतरच्या महिन्यात आईच्या खात्यात रक्कम येत नाही. युनिटला पत्र लिहावे, तर संबंधित व्यक्ती आता सेवेत नसल्याचे उत्तर येते.

या ठिकाणी दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. अपत्याचा निर्वाह करण्याचे पित्यावरील बंधन सेवामुक्तीने संपत नाही. संपते ती पगारातून परस्पर कपात करण्याची सोय. बंधन देशाच्या सर्वसाधारण कायद्यातून आलेले आहे, तर सोय केवळ सेना अधिनियमातून आलेली होती, आणि सेवामुक्तीच्या दिवसापासून तो अधिनियम त्या व्यक्तीला लागू राहत नाही.

सेवेत असतानाची कपात

सेना अधिनियम, १९५० च्या कलम २८ नुसार सैनिकाचे वेतन व भत्ते दिवाणी न्यायालयाला जप्त करता येत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही हेच संरक्षण आहे. हे संरक्षण सैनिकाच्या बायकामुलांवर अन्याय करणारे ठरू नये, म्हणून त्याच अधिनियमात दुसरी वाट ठेवली आहे. कलम ९० अधिकाऱ्यांसाठी आणि कलम ९१ अन्य दर्जाच्या सैनिकांसाठी असून, पत्नीच्या तसेच औरस वा अनौरस अपत्याच्या निर्वाहासाठी वेतनातून कपात करण्याचा आदेश केंद्र सरकार किंवा विहित अधिकारी देऊ शकतो. ‘अनौरस’ हा शब्द कायद्यात स्पष्टपणे आहे, आणि १९५० सालच्या कायद्यात तो असावा ही नोंद घेण्याजोगी बाब आहे.

कपातीचे प्रमाण सेना आदेशाने ठरते. २००१ च्या सेना आदेश क्रमांक २ प्रमाणे पत्नीसाठी वेतन व भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक अवलंबित अपत्यासाठी ५.५ टक्क्यांपर्यंत आणि सर्व मिळून ३३ टक्क्यांपर्यंत कपात करता येते. समजा, एखाद्या नायकाचे वेतन व भत्ते मिळून ४८,००० रुपये होतात आणि त्याला दोन मुले आहेत. पत्नीसाठी जास्तीत जास्त १०,५६० रुपये, प्रत्येक मुलासाठी २,६४० रुपये, आणि एकूण १५,८४० रुपये एवढी कपात होऊ शकेल. ही मर्यादा सैन्याच्या प्रशासकीय आदेशाची आहे. न्यायालय पोटगीची रक्कम ठरवताना मुलाची गरज व पित्याची ऐपत पाहते, टक्केवारीचा हा तक्ता पाहत नाही.

ही प्रक्रिया तुलनेने सोपी आहे. पत्नीने कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज करायचा, जवानाला कारणे दाखवा नोटीस जायची, चौकशीअंती प्रकरण वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाऊन आदेश निघायचा. वकील लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. पण याच सोपेपणामुळे पुढची अडचण निर्माण होते. वर्षानुवर्षे रक्कम नियमित मिळत असल्याने अनेक महिला न्यायालयात जातच नाहीत, आणि पती ‘बोर्ड आऊट’ होतो त्या दिवशी त्यांच्या हाती न्यायालयाचा एकही आदेश नसतो. सैन्याचा कपात-आदेश नागरी जीवनात बजावता येत नाही.

म्हणून पती इस्पितळात आहे, त्याची वैद्यकीय श्रेणी खालावली आहे, बोर्डाची तारीख येऊ घातली आहे, असे समजताच मुलांसाठी न्यायालयात अर्ज दाखल करणे हाच व्यवहार्य मार्ग होय. हे कठोर वाटेल. आजारी माणसाविरुद्ध दावा लावायचा कसा, हा संकोच स्वाभाविक आहे. तथापि सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून देय धरावी असे ठरवून दिले आहे. अर्जाला जितका उशीर, तितक्या महिन्यांच्या निर्वाहावर पाणी सोडावे लागते.

सेवामुक्तीनंतर कोणत्या कायद्याखाली दाद मागावी?

सर्वांत जलद आणि सर्व धर्मीयांना खुला असलेला मार्ग म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे त्या न्यायालयात, अन्यत्र प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पती जेथे आहे तेथेच धाव घ्यावी लागत नाही. पत्नी जेथे राहते त्या जिल्ह्यातही अर्ज चालतो. पती सांबा सेक्टरमधून थेट पुण्याच्या लष्करी इस्पितळात आणि तेथून गावी गेला असला, तरी पत्नी मुलांसह वडोदऱ्याला माहेरी असेल तर वडोदऱ्याचे न्यायालय तिला पुरेसे आहे. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लागावा, असे कायदा सांगतो. ‘शक्यतो’ या शब्दाचा प्रत्यक्षातील अर्थ कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना निराळा सांगायला नको.

अज्ञान मुलाबरोबरच शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणारे सज्ञान अपत्यही या कलमाखाली हक्कदार आहे. विवाहित मुलगी मात्र त्यातून वगळली आहे. अविवाहित सज्ञान मुलीला हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० चा आधार घेता येतो. त्या कलमानुसार मुलांच्या निर्वाहाचे बंधन माता आणि पिता या दोघांवरही आहे. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयाकडून मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांविषयी आदेश मिळवता येतात, आणि हुकूमनाम्यानंतरही ते वेळोवेळी बदलून घेता येतात. गोव्यात हिंदू विवाह अधिनियम लागू नाही. तेथे पोर्तुगीज नागरी संहिता आणि १९१० चे कौटुंबिक कायदे चालतात. नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ मात्र गोव्यातही तितकेच उपलब्ध आहे.

निवृत्तिवेतनाची फोड

पित्याचे उत्पन्न आता किती आहे, हा पुढचा प्रश्न. येथे ‘वैद्यकीय कारणाने बाहेर पडला’ एवढ्या माहितीवर काहीच ठरत नाही, कारण एकाच बोर्डातून बाहेर पडलेल्या दोन जवानांचे उत्पन्न एकमेकांपासून फार दूर असू शकते.

दुखापत वा आजार लष्करी सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे बळावला, आणि अपंगत्व २० टक्के वा अधिक ठरले, तर अपंगत्व निवृत्तिवेतन, म्हणजे डिसॅबिलिटी पेन्शन, मिळते. त्याचे दोन घटक असतात : सेवेचा आणि अपंगत्वाचा. सेवेमुळे आलेले अपंगत्व १०० टक्के असेल तर दुसरा घटक अखेरच्या गणनीय वेतनाच्या ३० टक्के धरला जातो. युद्धातील जखमींसाठीचे दर याहून बरेच जास्त आहेत. अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्या जवानाचे ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के, ५० ते ७५ टक्के असल्यास ७५ आणि त्याहून अधिक असल्यास १०० टक्के धरण्याची पद्धत आहे. म्हणजे बोर्डाने ३० टक्के लिहिले असले तरी हिशेब ५० टक्क्यांचा, अर्थात वेतनाच्या १५ टक्क्यांचा होतो. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे हक्क-नियम लागू झाले आहेत, त्यामुळे सेवामुक्तीची नेमकी तारीख पाहणे अगत्याचे आहे.

अपंगत्वाचा सेवेशी संबंध नाही असे बोर्डाने ठरवले, तर दहा वर्षे वा अधिक सेवा झालेल्याला इनव्हॅलिड पेन्शन मिळते. दहा वर्षे न भरलेल्याला पूर्वी केवळ एकरकमी ग्रॅच्युइटी मिळत असे. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने, ४ जानेवारी २०१९ रोजी वा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरते, अशांनाही हे निवृत्तिवेतन खुले केले. मात्र नागरी नोकरीसाठीही कायमचे अक्षम ठरण्याची अट त्याला जोडलेली होती.

मेडिकल बोर्डाने ‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारला की बरेच जवान अपील करतात आणि पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जातात. त्यात वर्षे जातात. निकाल बाजूने लागला की थकबाकी एकदम जमा होते. पोटगीचा आदेश मधल्या काळातील तुटपुंज्या उत्पन्नावर झालेला असेल, तर अशा वेळी रक्कम वाढवून मागण्याचा अधिकार मुलाला आहे. ही थकबाकी म्हणजे पित्याला अचानक लागलेली लॉटरी नव्हे; ज्या वर्षांत मुलाची शाळेची फी थकत होती त्याच वर्षांचे ते उत्पन्न आहे.

याखेरीज कम्युटेशनची रक्कम, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी आणि सेना समूह विम्याकडून अपंगत्वापोटी मिळणारी रक्कम अशा एकरकमी रकमा हाती येतात. २०२० च्या उपरोक्त निकालानुसार दोन्ही पक्षांनी मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र दाखल करणे आवश्यक आहे, आणि या सर्व रकमा त्यात यायला हव्यात. ‘आयकर विवरणपत्रच भरत नाही, म्हणजे उत्पन्न नाही’ असा बचाव काही वेळा घेतला जातो. सेवेतील अपंगत्वामुळे सेवा सोडावी लागलेल्या जवानाचे अपंगत्व निवृत्तिवेतन आयकरातून मुक्त असते. त्यामुळे विवरणपत्र नसणे हा उत्पन्न नसल्याचा पुरावा होत नाही. पाहायचा कागद म्हणजे पीपीओ, अर्थात पेन्शन पेमेंट ऑर्डर. त्यावर प्रत्येक घटकाची रक्कम स्वतंत्र लिहिलेली असते. सेवानिवृत्तांचे निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या प्रणालीतून वितरित होते आणि मंजुरी प्रयागराज येथील संरक्षण लेखा कार्यालयातून येते. जवान कागद दाखवत नसेल, तर ते रेकॉर्ड ऑफिसकडून वा प्रयागराजहून मागवण्याचा आदेश देण्याची विनंती न्यायालयाला करता येते. माहितीच्या अधिकारात अर्ज करून वेळ घालवण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे.

निवृत्तिवेतन जप्त होते का?

पगाराचे कवच गळून पडले की निवृत्तिवेतनाचे कवच पुढे येते. निवृत्तिवेतन अधिनियम, १८७१ च्या कलम ११ प्रमाणे पूर्वसेवेबद्दल किंवा शारीरिक दुर्बलतेबद्दल सरकारने दिलेले निवृत्तिवेतन धनकोच्या मागणीवरून न्यायालयाला जप्त करता येत नाही. दीडशे वर्षांहून जुने हे कलम सावकारापासून पेन्शनराचे रक्षण करण्यासाठी होते, आणि ते आजही आवश्यक आहे. पण आपलेच मूल सावकाराच्या रांगेत उभे करायचे का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले आहे : पोटगी मागणारी पत्नी ही कलम ११ मधील ‘धनको’ नव्हे, त्यामुळे पोटगीच्या वसुलीसाठी निवृत्तिवेतनाला हात लावता येतो. तो वाद पत्नीच्या पोटगीचा होता, परंतु हेच तर्कशास्त्र अपत्याला अधिक जोराने लागू पडते, कारण अपत्याचे पित्याशी असलेले नाते कोणत्याही हुकूमनाम्याने संपत नाही. गोवा मुंबई उच्च न्यायालयाच्याच अधिकारक्षेत्रात असल्याने तेथील खालच्या न्यायालयांत या निर्णयाचे वजन थेट आहे. बेळगाव कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येते, इंदूर व ग्वाल्हेर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठांखाली. तेथे, तसेच वडोदरा आणि हैदराबाद येथे, हा निर्णय बंधनकारक नसला तरी मार्गदर्शक म्हणून मांडता येतो.

जप्तीचा वाद टाळून वसुली करण्याचे साधनही कलम १४४ मध्येच आहे. रक्कम थकली की दंडवसुलीप्रमाणे वॉरंट निघते, आणि तरीही न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कारावास होऊ शकतो. कारावास भोगला म्हणजे थकबाकी फिटली असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणून वाट पाहणाऱ्यांची जुनी थकबाकी या एका अटीवर अडकते.

आजारी पित्याची बाजू

आतापर्यंतच्या विवेचनावरून वैद्यकीय सेवामुक्तीला कायद्यात काहीच किंमत नाही असे वाटेल, तर ते चूक ठरेल. परिस्थिती बदलली तर पोटगीची रक्कम कमी-अधिक करण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये, पूर्वीच्या कलम १२७ मध्ये, आहे. उत्पन्न निम्म्यावर आले, औषधोपचाराचा वा परिचारकाचा कायमचा खर्च मागे लागला, तर पिता रक्कम कमी करून मागू शकतो. गंभीर अपंगत्व व त्यावरील आवर्ती खर्च हा पोटगी ठरवताना विचारात घेण्याचा घटक असल्याचे २०२० च्या निकालातही नमूद आहे. पूर्ण अपंग जवानाला सतत परिचारक लागतो म्हणून दिला जाणारा भत्ता परिचारकावरच खर्च होतो. तो पित्याच्या हातातील उत्पन्न म्हणून मोजू नये, हा युक्तिवाद वाजवी आहे आणि तो पावत्यांसह मांडला पाहिजे.

मात्र हा बदल न्यायालयाने करायचा असतो, पित्याने नव्हे. नवा आदेश होईपर्यंत जुना आदेश पूर्ण रकमेनिशी चालू राहतो. सेवामुक्त झालेल्यांपैकी अनेक जण ‘आता पगारच नाही’ म्हणून रक्कम बंद करतात, कोर्टात काही कळवत नाहीत, आणि दोन वर्षांनी वॉरंट घेऊन पोलीस दारात आले की वैद्यकीय कागद शोधू लागतात. त्यांच्या अडचणी खऱ्या असतात, पण त्या वेळेवर सांगितलेल्या नसतात.

सैन्यासाठी अपात्र आणि कामासाठी अपात्र हे दोन वेगळे निकष आहेत. सैन्याची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ पद्धतीने ठरते. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाचही बाबी रणभूमीच्या गरजेने तोलल्या जातात. एका कानाने कमी ऐकू येणारा जवान सीमेवर नको असेल, पण तो बँकेत, शाळेत वा कारखान्याच्या कार्यालयात उत्तम काम करू शकतो, आणि माजी सैनिकांसाठी राखीव जागाही असतात. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सैन्यातील एका नायकाचे प्रकरण आले होते. तो निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयाने पत्नीची पोटगी ४,००० रुपयांवरून २,००० वर आणली होती. केवळ निवृत्ती हे रक्कम निम्मी करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ४,००० रुपये पुन्हा कायम केले. सुदृढ पुरुषाला कमाई नसल्याची सबब चालणार नाही, हा त्या निकालाचा रोख होता. वैद्यकीय सेवामुक्तीत नेमका ‘सुदृढ’ हाच शब्द वादाचा विषय होतो. त्यामुळे बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत, अपंगत्वाचे प्रमाण आणि नागरी नोकरीविषयीचा शेरा हे कागद दोन्ही बाजूंसाठी निर्णायक असतात. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात चाकाच्या खुर्चीवर असलेला जवान आणि गुडघ्याच्या दुखण्याने श्रेणी खालावलेला जवान यांना एकाच मापाने मोजणे कोणत्याही न्यायालयाला शोभणार नाही.

मानसिक आजाराने बाहेर पडलेल्यांची स्थिती सर्वांत बिकट असते. त्यांचे निवृत्तिवेतन बहुधा आईवडील वा भाऊ सांभाळतात, आणि नातवंडांचा हिस्सा मागणारी सून त्या घराला परकी वाटू लागते. पिता स्वतः बाजू मांडण्यास असमर्थ असेल तर त्याच्या वतीने योग्य प्रतिनिधी नेमण्याची विनंती आईनेच न्यायालयाला करणे शहाणपणाचे ठरते, अन्यथा मिळालेला आदेश पुढे याच मुद्द्यावर रद्द होण्याचा धोका राहतो.

तडजोड आणि अन्य हक्क

परस्परसंमतीने घटस्फोट घेताना ‘मुलांसाठी काही मागणार नाही’ असे आई लिहून देते. त्या लेखी शब्दाने तिचा स्वतःचा हक्क जाऊ शकतो, मुलाचा जात नाही. तो हक्क तिच्या मालकीचा नाही. आई कमावती असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात विभागता येतो.

पोटगीपलीकडचे काही हक्क पित्याच्या निवृत्तिवेतनाला जोडलेले आहेत. घटस्फोटाने पत्नीचे ईसीएचएस आरोग्य योजनेतील स्थान जाते, अवलंबित मुलांचे जात नाही. मुलगा २५ वर्षांचा वा कमावता होईपर्यंत, मुलगी विवाह वा नोकरी होईपर्यंत आणि अपंग अपत्य वयोमर्यादेविना त्यात राहते. कार्डासाठी पित्याची सही लागते, म्हणून पोटगीच्या आदेशातच त्याविषयी निर्देश मागून घ्यावा. पित्याच्या मृत्यूनंतर पोटगीचा आदेश संपतो, परंतु पात्र मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, आणि त्यासाठी मुलांची नावे व जन्मतारखा सैन्याच्या अभिलेखात आधीपासून नोंदलेल्या असणे सोयीचे जाते. केंद्रीय सैनिक मंडळाच्या शिक्षण अनुदानाचे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातात.

वकिलाच्या खर्चाची चिंता असलेल्यांसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चे कलम १२ आहे. महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तेच कलम अपंग व्यक्तीलाही हा हक्क देते, म्हणजे सेवेत अपंगत्व आलेला पिताही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून आपली बाजू विनामूल्य मांडू शकतो.